बंधारा आणि त्याचे काठ

नदीकाठाने हिंडणाऱ्याला कधी कधी एक विचित्र दृश्य पाहावयास मिळते. पात्रात दगडी बंधारा उभा असतो. त्याचे खांब शाबूत असतात, भिंतीला तडा गेलेला नसतो, दर्जाही जागच्या जागी असतात. मात्र नदी तेथे नसते. बंधाऱ्याच्या एका टोकाला वळसा घालून, एके काळी जेथे कोणाचे तरी शेत होते तेथून नवी वाट काढून ती वाहत असते. बंधारा कोरडा आणि शेत नदीत, अशी ही उलटापालट एखाद्या पावसाळ्यात, क्वचित एका रात्रीतही होते. भिंत बांधणाऱ्याने भिंतीचा हिशोब बिनचूक केलेला असतो. काठाचा हिशोब करावयाचा राहून गेलेला असतो.

मराठीत 'बगल देणे' असा एक शब्दप्रयोग आहे. समोरची अडचण अंगावर न घेता तिला बाजूने टाळून पुढे जाणे, असा त्याचा अर्थ. नदी बंधाऱ्याशी नेमके हेच करते. छातीवर वार करून तो फोडण्यापेक्षा बगलेतून निसटून जाणे तिला पुष्कळदा सोपे जाते. म्हणून प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे सांगणे असे आहे की, दोन्ही बाजूंचे काठ हे बंधाऱ्याचेच अवयव मानले पाहिजेत. त्यांची तरतूद बंधाऱ्याच्या मूळ अंदाजपत्रकात असावी, त्यांची देखभाल बंधाऱ्याच्या देखभालीत गणली जावी, आणि काठ ढासळून ज्याची जमीन जाते त्याचे नुकसान हा बंधाऱ्याच्या खर्चाचाच भाग समजला जावा. हे म्हणणे का मांडावे लागते, ते पुढे सविस्तर सांगितले आहे.

कोल्हापूरचे उदाहरण

नदीला आडवी भिंत घालून पाणी अडविण्याची युक्ती आपल्या देशात फार जुनी आहे. तमिळ भाषेत अशा बांधाला 'अणैकट्टु' म्हणतात. इंग्रजी राजवटीत त्याचे 'ॲनिकट' झाले आणि तेच नाव आज राजस्थानच्या खेड्यांतही 'एनिकट' म्हणून ऐकू येते. महाराष्ट्रात शब्द आहे तो बंधारा. नाव कोणतेही असो, पाण्याचे आणि मातीचे नियम सर्वत्र सारखेच. तरीही विवेचनासाठी एखादे ठिकाण डोळ्यांसमोर असणे बरे, म्हणून आपण पंचगंगेचे खोरे घेऊ. ज्या बंधाऱ्याला देशभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून ओळखतात, तो याच खोऱ्यातला.

ह्या बंधाऱ्याची रचना साधी आणि मोठी समंजस आहे. पात्रात ठरावीक अंतरावर दगडी खांब उभारलेले असतात. खांबांच्या अंगात उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की ह्या खाचांत फळ्या एकावर एक बसवितात. त्यांना तेथील लोक 'बरगे' म्हणतात. जुन्या पद्धतीत बरग्यांच्या दोन ओळी लावून मधल्या पोकळीत माती ठासून भरीत, म्हणजे गळती थांबे. पुढे लाकडी बरग्यांच्या जोडीला लोखंडी बरगेही आले. पावसाळ्यापूर्वी सर्व बरगे काढून घ्यावयाचे, म्हणजे पुराचे पाणी आणि त्यासोबतचा गाळ खांबांच्या मधून मोकळेपणाने निघून जातो. छत्रपती शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतलेल्या राधानगरी धरणातून भोगावती नदीत पाणी सोडावे, ते खालच्या बंधाऱ्यांमागे एकामागून एक साठत जावे, आणि काठावरच्या शेतकऱ्यांनी ते उपसून उसाला द्यावे, अशी ही साखळी आहे. पाण्यासाठी नदी हाच कालवा झाला, आणि कालव्याखाली जाणारी पुष्कळ जमीन वाचली.

पावसाळ्यात हेच बंधारे पाण्याखाली जातात. किती बंधारे बुडाले ह्यावरून पुराचा अंदाज बांधण्याची तेथे रीतच आहे. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे आकडे त्या शहरातील शाळकरी मुलालाही पाठ असतात. २००५, २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांत त्यांचा उच्चार घरोघर झाला. पाणी किती चढले ह्याची अशी काटेकोर नोंद होते. पाणी किती वेगाने उतरले आणि उतरताना किती काठ घेऊन गेले, ह्याचा आकडा मात्र वर्तमानपत्रात क्वचितच वाचावयास मिळतो. वस्तुतः काठाचे मरण बहुधा पूर चढताना नव्हे, तो उतरताना ओढवते.

पडत्या पाण्याचे बळ

काठ ढासळण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. ती एकमेकांना साहाय्य करतात, परंतु समजण्यासाठी ती वेगवेगळी पाहिली पाहिजेत.

पहिले कारण पडत्या पाण्याचे बळ. दोन मीटर उंचीच्या बंधाऱ्यावरून दर सेकंदाला वीस घनमीटर पाणी पडत आहे असे समजा. लहान नदीला हा प्रवाह फार मोठा नव्हे. तरीही त्या पडण्यात सुमारे ३९० किलोवॅट, म्हणजे सव्वापाचशे अश्वशक्तीइतके बळ असते, आणि ते रात्रंदिवस काम करीत असते. खाली पोचताना पाण्याचा वेग सेकंदाला सहा मीटरांच्या पुढे जातो. बारीक वाळू सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगानेही हलू लागते, आणि चांगली घट्ट चिकणमातीसुद्धा सुमारे सव्वा मीटरच्या पलीकडे फारशी तग धरीत नाही. म्हणून बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाण्याचे हे बळ मुरवून टाकणारी फरसबंदी करावी लागते. तेथे पाणी उसळते, फेसाळते, स्वतःशीच झगडून थकते आणि मग शांतपणे पुढे जाते.

पात्राच्या मध्यभागी फरसबंदी असते. टोकांना काय होते? भिंत आणि काठ जेथे मिळतात तेथे पाण्याला सरळ जाता येत नाही. ते वळते आणि भोवरे धरते. भोवऱ्यातील पाणी काठाच्या पायथ्याची माती उकरून नेते; वरची माती तशीच लोंबत राहते आणि एके दिवशी तिचा उभा कडा कोसळतो. पडलेला ढिगारा काही दिवस पायथ्याचे रक्षण करतो. पाणी तोही वाहून नेते आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाहणाऱ्याला वाटते की माती वरून पडली. खरे पाहता ती खालून गेलेली असते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. महापुरात बंधारा पूर्ण बुडाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या पाण्याच्या पातळीत फारसा फरक उरत नाही. पाणी पडत नाही, नुसते वरून वाहते. पडण्याचा जोर असतो तो पूर चढताना आणि उतरताना, मधल्या पातळीला. आणि सर्वांत घातक प्रसंग म्हणजे बरगे अजून खाचांत असताना आलेला पहिला लोंढा. बरग्यांवर झाडाच्या फांद्या, उसाचा पाला, जलपर्णी अडकते. मधली वाट बंद होते आणि पाण्याला उरते ती बगल. वळवाचा पाऊस जोरदार झाला की बरगे काढण्याची जी धावपळ होते, तिच्यामागील खरे भय हे असते.

काठात मुरलेले पाणी

दुसरे कारण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची दखलही उशिरा घेतली गेली. नदी भरली की काठही आतून भिजतो. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. अशा भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे दोन टन भरते. पण ती पाण्यात बुडालेली असेपर्यंत पाणी तिला उचलून धरते आणि तिचा भार जवळजवळ निम्मा भासतो. शिवाय बाहेरचे पाणी काठाला बाजूने रेटूनही धरते. काठ उभा आहे आणि त्याला तीन मीटर खोल पाणी टेकले आहे असे मानले, तर दर मीटर लांबीला हा रेटा सुमारे साडेचार टन होतो. आजारी माणसाला दोघांनी दोन बाजूंनी धरून उभे करावे, तसा हा भिजका काठ पाण्याच्या आधाराने उभा असतो.

आता नदी एकाएकी उतरली तर काय होईल? बाजूचा आधार गेला. मातीला उचलून धरणारे पाणीही गेले, म्हणून तिचा पुरता भार तिच्याच अंगावर आला. पण काठाच्या पोटातले पाणी काही नदीबरोबर उतरत नाही. चिकणमातीतून पाणी दिवसाकाठी काही मिलीमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी सरकते. ते आतच कोंडून राहते आणि कणांना एकमेकांपासून दूर ढकलते. मातीची ताकद कणांच्या परस्परांवरील दाबातून आणि घर्षणातून येते. पोकळीतल्या पाण्याने तो दाब कमी केला की ताकद तेवढी घटते. हे तत्त्व कार्ल टेर्झागी ह्या शास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात स्पष्ट केले आणि त्यातूनच आधुनिक मृदायांत्रिकी उभी राहिली. ओझे वाढले, ताकद घटली आणि आधार निघाला, की काठाचा मोठा तुकडा चमच्याने कापल्यासारखा वाटोळा घसरून पात्रात येतो. पाऊस थांबला, ऊन पडले, लोक हुश्श म्हणाले, आणि मग काठ कोसळला, असे जे होते त्याचे मर्म हे आहे.

काळ्या मातीत ह्यात आणखी भर पडते. उन्हाळ्यात ती आक्रसते आणि तिला खोल भेगा पडतात. ह्या भेगा काठाला समांतर असल्या, तर पुढचा पट्टा मागच्या जमिनीपासून आधीच तुटलेला असतो. पहिल्या पावसाचे पाणी भेगेत भरले की ते पाचरीसारखे काम करते.

पुराचे उतरणे माणसाच्या हाती नाही. बरगे काढणे मात्र आहे. बंधाऱ्यामागचा साठा भरलेला असताना, खाली पाणी हवे म्हणून किंवा पाऊस आला म्हणून, सर्व बरगे एका दिवसात उपसले, तर आपण स्वतःच काठाखालचा आधार काढून घेतो. वरच्या बाजूला दूरवर काठाला भेगा पडतात आणि दोष नदीच्या माथी जातो.

बाजूने झिरपणारे पाणी

तिसरे कारण झिरपणीचे. बंधाऱ्याच्या वर पाणी उंच आणि खाली सखल, म्हणून ते पलीकडे जाण्याची धडपड करते; भिंतीखालून तसेच भिंतीच्या टोकांभोवती, काठाच्या मातीतून. ह्या विषयातील धडे भारताने फार महाग किंमत देऊन घेतले आहेत. चिनाब नदीवरील खानकीचा बंधारा, जो आज पाकिस्तानात आहे, १८९५ साली खचला. गंगेवरील नरोऱ्याच्या बंधाऱ्याचा भाग १८९८ साली निकामी झाला. दोन्ही ठिकाणी पाणी तळाखालच्या वाळूतून वाट काढीत होते. त्यानंतर वाळूतील झिरपणीचे प्रयोग झाले, ब्लाय ह्या अभियंत्याने नियम बसविला, आणि पुढे १९३६ साली अ. ना. खोसला व त्यांचे सहकारी बोस आणि टेलर ह्यांनी झिरपणीचे गणित शास्त्रशुद्ध पायावर मांडले. पंजाबातील कालव्यांच्या बांधकामांखाली प्रत्यक्ष दाब मोजून त्यांनी दाखविले की, पाण्याला किती लांबीची वाट चालावी लागते एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते बाहेर पडते त्या जागी त्याचा जोर किती उरला आहे हे पाहिले पाहिजे. जोर मर्यादेबाहेर असेल, तर बाहेर पडणारे पाणी मातीचे कण सोबत आणते. कण गेले की वाट रुंदावते, वाट रुंदावली की आणखी कण जातात, आणि शेवटी मातीत नळीसारखे भोक पडते.

खोसलांचे हे काम जगभर अभ्यासले जाते, आणि ते आपल्या देशात झाले ह्याचा अभिमान योग्यच आहे. परंतु तळाविषयी आपण जेवढे सावध झालो तेवढे बगलेविषयी झालो का? लहान बंधाऱ्यांच्या बाबतीत तसे म्हणवत नाही. दगडाची भिंत आणि मातीचा काठ ह्यांचा सांधा ही मुळातच दुबळी जागा. दगड आक्रसत नाही, माती आक्रसते. दोहोंमध्ये बारीक फट पडते. त्यात माणूस भर घालतो. पाणी उपसण्यासाठी टोकाजवळच जॅकवेल खणली जाते. नळासाठी काठातून चर काढतात आणि तो सैल मातीने बुजवितात. पाण्याला ही आयती वाट. गुरांची वाट तेथूनच उतरते. वीटभट्टीसाठी पोयट्याची मातीही काठातूनच नेली जाते. वाळुंज, करंज, उंबर, निरगुडी ह्यांच्या मुळ्यांनी जो पट्टा बांधून ठेवला होता, तो उसाच्या आणखी चार सऱ्यांसाठी मोकळा केला जातो. प्रत्येक गोष्ट एकेकटी क्षुल्लक; सर्व मिळून बंधाऱ्याची बगल उघडी पडते.

दोन आक्षेप

ह्यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि त्यांत तथ्य नाही असे नाही.

पहिला असा की, नद्या काठ खातच आल्या आहेत. वळणाच्या बाहेरच्या बाजूने जमीन कापावी आणि आतल्या बाजूला मळई टाकावी, हा नदीचा धर्मच आहे. बंधारा नसतानाही पंचगंगेने तो पाळला आहे. हे खरे आहे, आणि म्हणूनच काठाची प्रत्येक पडझड बंधाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण विज्ञानाचे काम नेमके येथेच सुरू होते. पडझड बंधाऱ्याच्या टोकाला लागून आहे की दूरच्या वळणावर, पायथा उकरला जाऊन झाली आहे की काठ घसरून, पुरानंतर झाली की बरगे काढल्यानंतर, हे पाहिले तर कारण ओळखता येते. न पाहता 'नदीच ती, खाणारच' असे म्हणणे म्हणजे अज्ञानाला शहाणपणाचे वस्त्र पांघरणे होय.

दुसरा आक्षेप खर्चाचा. काठ बांधावयाचे म्हटले तर लहान बंधारा लहान राहणार नाही, असे म्हणतात. ह्याला उत्तर असे की, संपूर्ण नदी दगडाने मढवावी असे कोणीच म्हणत नाही, आणि तसे करणे उपकारकही नाही. काठाला जाड काँक्रीटचे अभेद्य अस्तर दिले आणि आतल्या पाण्याला बाहेर पडण्यास छिद्रे ठेवली नाहीत, तर तेच कोंडलेले पाणी अस्तर ढकलून देते. शिवाय जेथे अस्तर संपते तेथे किंवा समोरच्या काठावर झीज सुरू होते. खर्च करावयाचा तो थोड्या लांबीवर, विचारपूर्वक.

ह्या आक्षेपाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. काठासाठी खर्च केला नाही म्हणून खर्च टळत नाही. तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर जातो. बंधाऱ्याचे पाणी शंभर शेतकऱ्यांना मिळते. काठ जातो तो टोकाशी असलेल्या एकाचा किंवा दोघांचा. सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन तेवढीच राहते, आणि प्रत्यक्षात तीवर नदी वाहते. सर्वांच्या सोयीची किंमत एकट्याने मोजावी ही गोष्ट कोणत्याही न्यायबुद्धीला पटणारी नाही. आणि नदीने पुरती बगल दिली, तर त्या एकाबरोबर शंभरांचेही पाणी जाते.

काय करता येईल

बंधाऱ्याची जागा निवडताना काठांची परीक्षा तळाइतक्याच काळजीने व्हावी. ह्या बाबतीत खानदेशातील फड पद्धतीचे जुने बंधारे पाहण्यासारखे आहेत. पांझरा आणि मोसम ह्या नद्यांवर, आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, काही शतकांपूर्वी दगड-चुन्याचे हे बंधारे बांधले गेले. पात्रात खडक उघडा आहे अशी जागा शोधून भिंत खडकात रोवण्याची त्या कारागिरांची रीत होती. बांधून झाल्यावर तो बंधारा त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही. पाणी वाटणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या, त्यांच्यावर देखरेख ठेवणारा हवालदार, अशी माणसे गावाने नेमलेली असत आणि दुरुस्तीला सर्वांचे हात लागत. देखभाल हा त्या पद्धतीत बांधकामाचाच भाग होता.

खडक मिळत नाही तेथे भिंतीचे टोक काठात पुरेसे खोल शिरवावे, पंखभिंती द्याव्यात, आणि सांध्याशी चिकणमाती थरांथरांनी धुम्मसून भरावी. भिंतीच्या खालच्या बाजूला, जेथे भोवरे उठतात तेवढ्या लांबीपर्यंत, पायथ्याला दगडांचा किंवा तारेच्या जाळीत भरलेल्या दगडांचा आधार द्यावा. दगडाखाली वाळू आणि खडी ह्यांचा गाळणथर असावा, म्हणजे पाणी बाहेर येईल आणि माती आत राहील. त्यावरच्या उतारावर वाळा लावावा. ह्या गवताची मुळे दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती शिवून टाकतात. काठापासून काही मीटरांचा पट्टा झाडांसाठी राखावा. जॅकवेल, चर आणि मातीची उचल ह्यांना टोकापासून ठरावीक अंतरापर्यंत मज्जाव असावा.

सर्वांत स्वस्त उपाय मात्र बांधकामाचा नाहीच. बरगे एकदम न काढता वरून एकेक थर, मध्ये काही दिवस जाऊ देऊन काढावेत. त्यासाठी ते काढण्याचा आरंभ वळवाच्या आधी, वेळेवर व्हावा. काठातले पाणी नदीच्या पाण्यामागोमाग हळूहळू उतरेल आणि काठ आपल्या पायांवर उभा राहील. ह्याला सिमेंटचे एक पोतेही लागत नाही; लागते ते वेळापत्रक, आणि ते पाळणारा माणूस.

शाळांनी करावयाचे काम

ही गोष्ट शाळेत करून पाहता येते. एका खोल परातीत बारीक पोयटा मातीचा एकाच उताराचा काठ दोन्ही बाजूंना रचा. मधल्या भागात हळूहळू पाणी भरा आणि माती पुरती भिजू द्या. मग रबरी नळीने पाणी एकदम काढून घ्या. बहुधा काठाचा तुकडा घसरलेला दिसेल. पुन्हा तसाच काठ रचून, पाणी या वेळी थेंबाथेंबाने काढा आणि फरक पाहा. माती तीच, पाणी तेच. बदलला तो फक्त उतरण्याचा वेग.

त्याहून मोलाचे काम नदीवर आहे. गावाजवळ बंधारा असेल, तर शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन्ही काठांवर, बंधाऱ्याच्या वर आणि खाली, कड्यापासून दहा मीटर आत जमिनीत पक्क्या खुंट्या रोवाव्यात. दरवर्षी मेअखेर आणि दिवाळीच्या सुटीपूर्वी खुंटीपासून कड्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत तारखेसह लिहावे. मोजताना कड्यावर उभे राहू नये. खालची माती गेलेली असू शकते. त्याच वहीत बरगे कोणत्या दिवशी काढले आणि किती दिवसांत काढले हेही नोंदवावे. पाच वर्षांनी ही वही म्हणजे त्या बंधाऱ्याच्या काठांचा इतिहास होईल. नुकसान किती आणि कशाने, ह्याबद्दल वाद निघाला तर टोकाच्या शेतकऱ्याला तोंडी तक्रारीऐवजी आकडे दाखविता येतील. आणि दुरुस्ती कोठे करावी हे अभियंत्यालाही कळेल.

पाणी किती चढले ते सांगणारी पट्टी आपण बंधाऱ्याच्या दगडावर केव्हाच रंगविली आहे. काठ किती सरकला ते सांगणारी खुंटी अजून रोवावयाची आहे. ती रोवण्यास एक पहार, एक मोजपट्टी आणि एक तासाचा वेळ पुरेसा आहे.